शब्दांची जुडी बांधणारा सुलखान-साबा

पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आपल्याला लहानपणीच भेटतात. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवणारा दमनक तर सहसा कुणी विसरत नाही. या जोडीने केलेला प्रवास मोठा विलक्षण आहे. सहाव्या शतकात ती इराणात पोचली आणि खुस्रो अनुशिरवानच्या दरबारात पहलवी बोलू लागली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने तिला अरबीत आणले, तेव्हा करटकाचा कलीला झाला आणि दमनकाचा दिम्ना. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाईझ काशिफीने याच गोष्टी ‘अन्वार-ए-सुहैली’ या नावाने नटव्या फारसीत मांडल्या. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, इराणच्या शाहाने अडकवून ठेवलेला एक जॉर्जियन राजा ते फारसी पुस्तक आपल्या मातृभाषेत उतरवायला बसला.

हा राजा म्हणजे कार्तलीचा वाख्तांग सहावा. भाषांतर पुरे झाले, तरी त्यातली पद्ये त्याच्या मनासारखी उतरेनात. मग त्याने ते बाड आपल्या जुन्या गुरूकडे सोपवले. गुरूने गद्य घासूनपुसून घेतले, पद्ये नव्याने बांधली आणि ‘किलिला दा दामाना’ हे जॉर्जियन पुस्तक सिद्ध झाले. चार भाषा ओलांडून आलेला दमनक इथे पुन्हा आपल्या मूळ नावाच्या जवळ येऊन उभा राहिला.

त्या गुरूचे नाव सुलखान-साबा ओर्बेलियानी. गोष्टीकार, कोशकार, बायबलचे संपादक, राजगुरू, संन्यासी आणि राजदूत. एका माणसाच्या वाट्याला इतकी कामे आली, कारण त्यांच्या देशावर तशीच वेळ आली होती.

जॉर्जिया तेव्हा दोन साम्राज्यांच्या मध्ये सापडला होता. १५५५च्या अमास्याच्या तहात ऑटोमन तुर्क आणि इराणचे सफवी यांनी हा डोंगराळ ख्रिस्ती प्रदेश आपसात वाटून घेतला. पश्चिम भाग तुर्कांकडे गेला. कार्तली आणि काखेती ही पूर्वेकडची राज्ये इराणच्या वाट्याला आली. काखेतीने मान वर केली तेव्हा शाह अब्बासने १६१४ ते १६१७ या काळात तिथे कत्तल केली आणि हजारो लोकांना पकडून इराणात नेऊन वसवले. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कार्तलीत एक तडजोड रुळली. गादीवर जॉर्जियाच्याच बाग्रातियोनी घराण्यातला माणूस बसे. पण त्यासाठी त्याला इस्लाम स्वीकारावा लागे आणि शाहाचा वाली म्हणून काम करावे लागे. त्यामुळे एकाच राजाला दोन नावे असत. प्रजेचा वाख्तांग पाचवा इस्फहानच्या कागदोपत्री शाहनवाज खान होता आणि त्याचा मुलगा गिओर्गी अकरावा हा गुर्गीन खान. फ्रेंच जवाहिऱ्या जाँ शार्दँ १६७२-७३च्या हिवाळ्यात तिबिलिसीला आला, तेव्हा त्याला हेच दुहेरी आयुष्य जगणारे शहर दिसले.

वाख्तांग पाचवा गादीवर आला त्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १६५८ रोजी, दक्षिण कार्तलीतल्या तांझिया गावी सुलखानचा जन्म झाला. ओर्बेलियानी हे मोठे सरदार घराणे, राजघराण्याशी नात्याने बांधलेले. वडील राज्याचे न्यायाधीश. सुलखान दरबारातच वाढला आणि त्याच्या शिक्षणावर खुद्द गिओर्गीने लक्ष ठेवले. पुढे मोठेपणी त्यांच्याकडे गिओर्गीच्या पुतण्याला शिकवण्याचे काम आले. हा पुतण्या म्हणजेच १६७५ साली जन्मलेला वाख्तांग, पुढचा वाख्तांग सहावा.

राजपुत्राला कसे घडवावे हा प्रश्न सुलखान यांच्यासमोर रोजचाच होता. त्यातून त्यांचे सर्वांत लाडके पुस्तक लिहिले गेले. त्याच्या नावाचा अर्थ ‘खोट्यातले शहाणपण’ असा काहीसा होतो. खोटे म्हणजे इथे रचलेली गोष्ट. पुस्तकाची बांधणी पंचतंत्रासारखीच आहे, गोष्टीच्या पोटात गोष्ट. फिनेझ नावाचा राजा, सेद्राक नावाचा वजीर, उतारवयात राजाला झालेला मुलगा जुंबेर, त्याला वाढवणारा लेओन आणि लेओनच्या वाटेत सतत आडवा येणारा खोजा रुखा, अशी पाच पात्रे आहेत. ती एकमेकांशी वाद घालतात आणि प्रत्येक मुद्द्याला गोष्टीचा दाखला देतात. अशा सुमारे दीडशे गोष्टी पुस्तकात आहेत.

लेओन राजपुत्राला उपाशी ठेवतो, पायी चालवतो, कष्टाला जुंपतो. राजा संतापतो. लेओनचे म्हणणे असे की, ज्याला भूक आणि थकवा ठाऊक नाही, त्याला उपाशी माणसाची दाद लागणार कशी? कोवळ्या वयाचा वाख्तांग डोळ्यांसमोर ठेवून हे वाचले की त्यातली कळकळ जाणवते.

या पुस्तकातली राजा आणि चित्रकार यांची गोष्ट तर दरबारात वाढलेल्या माणसालाच सुचावी. राजा एका डोळ्याने आंधळा असतो. चित्रकारावर त्याचा राग असतो. त्याला मारायला निमित्त हवे म्हणून तो स्वतःचे हुबेहूब चित्र काढायला सांगतो. आंधळा डोळा रंगवला तर अपमान केला म्हणून मरण, दोन्ही डोळे धड दाखवले तर चित्र खोटे म्हणून मरण. चित्रकार राजाला शिकारीच्या आवेशात रंगवतो. राजाने हरणावर नेम धरला आहे आणि नेम धरताना एक डोळा मिटला आहे. चित्र खरे उतरते आणि मानही वाचते. जिथे राजालाच दोन नावांनी जगावे लागे, त्या देशात ही गोष्ट ऐकणाऱ्याला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच सुमारास गिओर्गीच्या सांगण्यावरून सुलखान यांनी दुसरे काम हाती घेतले. ते जॉर्जियन भाषेचा कोश रचू लागले. दरबारी कारभारात फारसी आणि तुर्की शब्दांची दाटी झाली होती. प्राचीन धर्मग्रंथांतले आणि तत्त्वज्ञानातले शब्द वाचणाऱ्यांना लागेनासे झाले होते. नकला करणारे लेखनिक न कळलेले शब्द चुकवत आणि पुढचा लेखनिक ती चूक तशीच उतरवून घेई. पूर्वी कोश होता, पण तो काळाच्या ओघात हरवला, अशी खंत सुलखान यांना होती.

त्यांनी जुनी हस्तलिखिते चाळायला घेतली. बायबल, चर्चच्या आचार्यांचे ग्रंथ, बाराव्या शतकातल्या तत्त्वज्ञाची अवघड भाषा, इतिहास, काव्य, शिवाय शेतकरी आणि कारागीर यांच्या तोंडचे शब्द. शब्द कुठल्या ग्रंथात सापडला तेही ते नोंदवत. एका जातीच्या वस्तूंची नावे एका ठिकाणी गोळा करून त्यांतला बारीक फरक सांगत. पुढच्या काही प्रतींमध्ये तुर्की आणि आर्मेनियन प्रतिशब्दही आले. कोशाला नाव दिले ‘सित्क्विस कोना’. कोना म्हणजे जुडी, पेंढी, गुच्छ. शब्दांच्या या जुडीत अखेर सुमारे १७,००० शब्द बांधले गेले. १६८५च्या आसपास सुरू झालेले हे काम ते पुढची तीस वर्षे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहिले.

ही तीस वर्षे शांततेची नव्हती. १६८८ साली शाह सुलेमानने गिओर्गीला पदच्युत केले आणि गादी काखेतीच्या शाखेतल्या एरेक्लेला दिली. गिओर्गीच्या माणसांचे दिवस फिरले आणि ओर्बेलियानींचे वैभव ओसरले. १६९८ साली, वयाच्या चाळिशीत, सुलखान यांनी संसार सोडला. तिबिलिसीच्या आग्नेयेला गारेजाच्या ओसाड माळरानात, कड्यांत कोरलेल्या गुहांचे जुने मठ आहेत. तिथे त्यांनी संन्यास घेतला आणि साबा हे नाव धारण केले. तेव्हापासून जॉर्जियन माणूस त्यांना दोन्ही नावे जोडून ओळखतो.

संन्यास घेतला तरी लेखणी सुटली नाही. विखुरलेल्या हस्तलिखितांमधून त्यांनी जॉर्जियन बायबलची सलग संहिता तयार केली. जे भाग जॉर्जियनमध्ये सापडेनात ते आर्मेनियनवरून भाषांतरित केले आणि अध्यायांची विभागणी पश्चिम युरोपातल्या पद्धतीने केली. म्त्सखेता हस्तलिखित म्हणून ओळखले जाणारे बायबल ते हेच.

१७०३ साली दैव पुन्हा पालटले. बलुच आणि अफगाण टोळ्यांशी लढायला इराणला सेनापती हवा होता, म्हणून शाहाने गिओर्गीला त्याची गादी परत दिली. मात्र त्याला राहावे लागले दूर कंदाहारला, सुभेदार म्हणून. कार्तलीचा कारभार वाख्तांगच्या हाती आला. गुरूने शिकवलेले उतरवून दाखवण्याची संधी शिष्याला मिळाली आणि त्याने ती वाया घालवली नाही. त्याने कायद्यांची संहिता तयार करवली. जुन्या बखरी तपासून इतिहास नीट लावायला विद्वानांचे मंडळ नेमले. आणि तिबिलिसीत छापखाना काढला. वलाखियाचा, म्हणजे आजच्या रोमानियातला, धर्माध्यक्ष अंतिम हा मूळचा जॉर्जियन होता. त्याने आपला शिष्य मिहाइल स्तेफान याला छपाईसाठी पाठवून दिले. १७०९ साली या छापखान्यातून पहिले पुस्तक, शुभवर्तमान, बाहेर पडले. १७१२ साली रुस्तावेलीचे बाराव्या शतकातले महाकाव्य, ‘व्याघ्रचर्मधारी वीर’, वाख्तांगच्या टीकेसह प्रथमच छापले गेले.

त्याच वर्षी कंदाहारच्या घटनांनी वाख्तांगला गाठले. १७०९ साली अफगाण सरदार मीरवाइस होताकने गिओर्गीला ठार केले होते. सूड उगवायला गेलेला दुसरा पुतण्या काइखोस्रो १७११ साली तिथेच पडला. आता कार्तलीची गादी वाख्तांगची होती. रीतसर मान्यता घेण्यासाठी तो १७१२ साली इस्फहानला गेला. शाह हुसेनची अट जुनीच होती, इस्लाम स्वीकार. वाख्तांगने नकार दिला, आणि शाहाने त्याला घरी परतू दिले नाही.

शिष्याला सोडवायचे कसे? साबांनी पश्चिमेकडे पाहिले. तिबिलिसीत कापुचिन पंथाचे कॅथलिक धर्मोपदेशक १६६३ पासून होते. त्यांच्याकडे औषधे होती, पुस्तके होती, रोम आणि पॅरिसशी पत्रव्यवहार होता. साबांनी स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारला होता. ऑर्थोडॉक्स संन्याशाने असे करणे धाडसाचे होते, पण त्यांना त्या दिशेला आपल्या एकाकी देशासाठी सोबतही दिसत होती. १७१३ साली रिशार नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकासोबत ते निघाले. काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपल, तिथून जहाजाने फ्रान्स. वय पंचावन्नच्या घरात.

एप्रिल १७१४मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईने त्यांची भेट घेतली. साबांनी मांडलेला प्रस्ताव विचारपूर्वक बांधलेला होता. फ्रान्सने शाहावर वजन टाकून आणि पैसा पुरवून वाख्तांगला सोडवावे. त्याच्या बदल्यात कार्तलीत कॅथलिक धर्मोपदेशकांना मोकळीक मिळेल आणि काळ्या समुद्रावरून जॉर्जियामार्गे इराणपर्यंत फ्रेंच व्यापाराला जवळची वाट मिळेल. राजाने त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकले आणि आश्वासन दिले.

तिथून साबा रोमला पोप अकराव्या क्लेमेंटच्या भेटीला गेले. पुढे फ्लॉरेन्स, सिसिली, माल्टा. या प्रवासाचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले. त्याचा सुरुवातीचा, फ्रान्सचा भाग हरवला. उरलेला रोमपासून सुरू होतो. चर्चच्या इमारती, कारंजी, बागा, राजवाडे त्यांनी मनापासून पाहिले. पण त्यांची नजर रुग्णालयांकडे आणि टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांकडेही वळली. कुठे काय आहे आणि ते कसे चालते, हे कोशकाराच्या शिस्तीने टिपत ते पुढे जातात. आधुनिक युरोप जॉर्जियन भाषेत पहिल्यांदा इतक्या बारकाईने उमटला तो या वहीत.

मदत मात्र आली नाही. फ्रान्स नुकताच स्पॅनिश वारसायुद्धातून बाहेर पडला होता आणि खजिना रिता होता. लुईचे वय पंचाहत्तर. शिवाय फ्रान्सला इराणशी व्यापार हवा होता आणि तो थेट शाहाकडून मिळण्याची चिन्हे होती. फेब्रुवारी १७१५मध्ये इराणचा वकील महंमद रझा बेग व्हर्सायला आला, त्याचे थाटामाटात स्वागत झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तहावर सह्या झाल्या. बंदी राजासाठी शाहाला दुखवण्याचे फ्रान्सला कारण उरले नाही. १ सप्टेंबर १७१५ रोजी लुई वारला आणि त्याने दिलेला शब्दही त्याच्याबरोबर गेला. साबा तेव्हा परतीच्या वाटेवर कॉन्स्टँटिनोपलला अडकले होते.

१७१६ साली ते घरी पोचले ते रिकाम्या हातांनी. घरातही स्वागत नव्हते. ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी त्यांच्या कॅथलिक निष्ठेचा जाब विचारला आणि त्यांच्यावर दबाव आणला. ज्या देशासाठी ते पंथाची वेस ओलांडून गेले, त्याच देशात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. तिकडे वाख्तांगनेही हार मानली. १७१६ साली त्याने इस्लाम स्वीकारला, हुसेन कुली खान हे नाव घेतले आणि १७१९ साली तो कार्तलीला परतला. आल्यावर त्याने गुरूला पुन्हा जवळ केले. पंचतंत्राचे ते बाड याच ताटातुटीच्या वर्षांतले.

पश्चिमेकडून निराशा पदरी पडलेल्या वाख्तांगने उत्तरेकडे हात पुढे केला. जॉर्जियाच्या पुढच्या इतिहासाचे वळण इथे आहे. १७२२ साली मीरवाइसचा मुलगा महमूद याने इस्फहानला वेढा घातला. शाहाने मदत मागितली, ती वाख्तांगने दिली नाही. त्याने रशियाच्या पीटरशी संधान बांधले होते. ठरल्याप्रमाणे तो सैन्य घेऊन गंजाजवळ वाट पाहत थांबला. पीटरने ऑगस्टमध्ये दर्बंद घेतले, पण रसद वाहणारी जहाजे वादळात बुडाली आणि तो मागे फिरला. वाख्तांग उघड्यावर पडला. १७२३ साली शाहाच्या बाजूने उभा असलेला काखेतीचा राजा कोन्स्तांतिने लेझगी टोळ्या घेऊन तिबिलिसीत शिरला. शहर लुटले गेले, छापखाना संपला. पाठोपाठ तुर्की फौजा आल्या. १७२४ साली रशिया आणि तुर्कस्तान यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या तहात इराणचे प्रांत वाटून घेतले, त्यात कार्तली तुर्कांकडे गेली.

त्या उन्हाळ्यात वाख्तांग सुमारे १,२०० माणसांचा लवाजमा घेऊन कॉकेशस ओलांडून रशियाला निघाला. त्यात राण्या होत्या, राजपुत्र होते, धर्मगुरू, कवी, लेखनिक होते. हस्तलिखितांच्या पेट्या होत्या. आणि पासष्टी उलटलेले साबा होते. मॉस्कोच्या वेशीवरच्या व्सेखस्व्यात्स्कोये गावी आधीच्या निर्वासित राजघराण्यातली दारेजान ही राजकन्या राहत असे. तिच्या घरी जानेवारी १७२५मध्ये साबांचा मृत्यू झाला. रशियन पंचांगाप्रमाणे त्याच महिन्याअखेर सेंट पीटर्सबर्गमध्ये पीटरही गेला, आणि वाख्तांगची उरलीसुरली आशा मावळली. १७३७ साली आस्त्राखानला त्याने देह ठेवला. तिबिलिसी त्याला पुन्हा दिसली नाही.

राजकारणी म्हणून साबांचा हिशेब मांडला तर हाती काहीच लागत नाही. गिओर्गी वाचला नाही, वाख्तांग सुटला तो साबांच्या प्रयत्नांमुळे नव्हे, आणि युरोप आला नाही. उलट त्या अपयशाने कार्तलीची नजर रशियाकडे वळली, ती पुढच्या पिढ्यांमध्येही तिथेच राहिली. १७८३ साली गिओर्गियेव्हस्कचा तह होऊन पूर्व जॉर्जिया रशियाच्या छायेत गेला आणि १८०१ साली रशियाने तो गिळला.

पण राज्य गेल्यानंतर, कारभाराची भाषा रशियन झाल्यानंतर, जॉर्जियन लेखकांना आपल्या शब्दांसाठी कुठे जायचे हे ठाऊक होते. ‘सित्क्विस कोना’ दीडशे वर्षे हाताने नकलून जपला गेला. एकोणिसाव्या शतकातल्या निको आणि दाविद चुबिनाश्विली या कोशकारांनी त्याच्यावर आपले कोश उभे केले. १८८४ साली कवी राफिएल एरिस्तावी यांनी तो संपादून तिबिलिसीत छापला. त्यानंतर दहा वर्षांनी ‘खोट्यातले शहाणपण’ लंडनला पोचले. ऑलिव्हर वॉर्ड्रप यांचे इंग्रजी भाषांतर विल्यम मॉरिसच्या केल्म्सकॉट छापखान्यात हाताने छापले गेले, फक्त २५० प्रती. दमनक भारतातून पश्चिमेला गेला होता. आता त्याच घाटाच्या गोष्टी रचणारा जॉर्जियन लेखक इंग्रजांच्या हाती पडत होता.

साबांचे एक काम मात्र त्याहून खूप आधी, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांत, मार्गी लागले होते. संपूर्ण बायबल जॉर्जियन भाषेत तोवर कधी छापले गेले नव्हते. वाख्तांगच्या बाकार आणि वाखुश्ती या मुलांनी परक्या मुलुखात ते काम अंगावर घेतले. बापाने कॉकेशसपलीकडून आणलेल्या पेट्यांमधली हस्तलिखिते काढली, साबांनी लावून ठेवलेल्या संहितेचा आधार घेतला, जॉर्जियन अक्षरांचे खिळे जुळवले. १७४३ साली ग्रंथ छापून झाला. तो छापखाना व्सेखस्व्यात्स्कोये गावातच होता, जिथे साबांना पुरले होते.